सोनच्या काठी भरतकामाची रिंग

सोन नदीवर सोनं शोधायला जाण्याचा बेत कुणी करत असेल, तर त्याला माझ्या दोनच सूचना आहेत. एक, जीपच्या चाकाचे नट खोलायचा पाना नजरेआड होऊ देऊ नये. दोन, आपण नेमकं काय आणायला चाललो आहोत, हे निघण्याआधी घरात कुणाला तरी विचारून घ्यावं. मी दोन्ही केलं नाही, म्हणून हे लिहायची वेळ आली.

दिल्लीत एशियाड भरलं त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा लखनौच्या एका संशोधन संस्थेत उपकरणं दुरुस्त करायच्या विभागात होतो आणि आलमबागेत राहत होतो. माझं आडनाव आठवले. लखनौत त्याचं 'आठवाले' होतं. "अच्छा, आठवाले साहब! तो नौवाले कहाँ रहते हैं?" हा विनोद प्रत्येक दूधवाल्याला आणि पोस्टमनला स्वतःचा वाटायचा, आणि मी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचो.

लखनौत आम्हा मराठी मंडळींची चाळीसेक घरं. दसऱ्याला सगळे मंडळाच्या हॉलवर जमून सोनं वाटायचो. अडचण अशी, की आपट्याचं झाड त्या भागात आमच्यापैकी कुणालाच कधी सापडलेलं नव्हतं. त्यामुळे आमचं सोनं म्हणजे कचनारची पानं. कचनारचं पानही मधोमध दुभंगलेलं असतं, पण आपट्याच्या मानाने मोठं, मऊ आणि पातळ. सगळ्यांनी ते गोड मानून घेतलं होतं. एक नेनेकाका सोडून.

नेनेकाका कोकणातून तरुणपणी इथे नोकरीला आले आणि इथेच म्हातारे झाले. दर दसऱ्याला कुणी त्यांच्या हातावर कचनारचं पान ठेवलं, की ते पान बोटांत चुरडायचे, नाकाशी न्यायचे आणि "पितळ" एवढंच म्हणून खिशात टाकायचे. त्यांच्या पाया पडलेल्या माणसाला 'सोन्यासारखा राहा' असा आशीर्वादही ते देत नसत. "पितळेवर कसला आशीर्वाद? नीट राहा," म्हणायचे.

त्या वर्षी गणपतीनंतरच्या सभेत ते उभे राहिले. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. "डॉक्टर म्हणतात, आता काही खरं नाही. उरलंय तेही जाईल. हॉलपर्यंत येणंही पुढच्या वर्षी जमेल असं नाही," ते म्हणाले. "एकदा खरं सोनं हातात पडू दे रे कुणीतरी."

शहाणी माणसं अशा वेळी सतरंजीकडे बघतात. मी उभा राहिलो.

त्याला कारण होतं. त्याच महिन्यात मी एक मेटल डिटेक्टर तयार केला होता. त्यासाठी तांब्याची तार गुंडाळायला लाकडी, गोल, हलकं असं काहीतरी हवं होतं. माझी बायको सुधा हिची भरतकामाची मोठी रिंग त्या मापाची निघाली. तिच्यात अर्धा मोर ताणलेला होता. मोर मी अलगद काढून ठेवला. सुधाच्या मते अलगद नाही. रिंगेला झाडूचा दांडा लावला, दांड्यावर खिशातला ट्रान्झिस्टर बांधला. रिंग धातूजवळ गेली की ट्रान्झिस्टरची शिट्टी बदलायची. या यंत्राने मी घरात गादीखालचा चमचा आणि उशीतली सेफ्टी पिन शोधून काढली होती. पुढची पायरी उघडच सोन्याची होती.

"नेनेकाका," मी म्हणालो, "या दसऱ्याला खरं सोनं तुमच्या हातावर ठेवतो. एक कण का होईना. मी स्वतः जाऊन शोधून आणतो!"

मंडळाचे अध्यक्ष बापट बँकेत अधिकारी होते. तोंडी शब्दावर त्यांचा विश्वास नसे. "कुठून आणणार?" त्यांनी विचारलं.

"सोन नदीतून. नावातच आहे."

"लिहून घ्या," बापट चिटणीसांना म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून इतकं प्रेमळ हसले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

घरी जाताना सुधाने विचारलं, "तुम्ही खरंच नदीवर सोनं शोधायला जाणार?"

"म्हणजे काय! नेनेकाकांची इच्छा आहे."

"बरं," ती म्हणाली.

वीस वर्षांच्या संसारात ते 'बरं' मी इतक्या वेळा ऐकलं होतं, पण नीट ऐकलं एकदाही नव्हतं.

मिर्झासाहेब आणि पोतं

एकट्याला सोडायला सुधा तयार नव्हती, म्हणून मिर्झासाहेब बरोबर आले. ते आमच्या संस्थेत काचेची उपकरणं फुंकून बनवायचे. राहायचे चौक नावाच्या जुन्या वस्तीत. त्यांच्याकडे वडिलांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप होती, आणि तिच्याबद्दल ते घरातल्या थोरल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. "आज तबीयत ज़रा नासाज़ है," म्हणायचे, म्हणजे ब्रेक लागत नाहीयेत.

पाचव्या माळेला पहाटे ते दारात उभे राहिले. मागच्या सीटवर एक रिकामं पोतं होतं.

"ये किसलिए, मिर्झासाहब?"

"अमाँ, सोना क्या हथेली पर लाइएगा?"

मी एका कणाची भाषा करत होतो, आणि हे पोतं घेऊन आले होते. लखनौच्या माणसाची मेहमाननवाजी सोन्यालाही लागू असते.

खाण्याची व्यवस्था त्यांच्याकडून शीरमाल आणि कबाब, माझ्याकडून चकल्या, दशम्या आणि मेतकुटाची बाटली अशी होती. रायबरेली मागे पडेपर्यंत कबाब मी संपवले होते आणि मिर्झासाहेब मेतकुट नुसतं तळहातावर घेऊन चाटत होते. "ये क्या चीज़ है, हुज़ूर? भाभी ने इसमें क्या मिलाया है?" मी डाळी, गहू, हिंग, हळद असं सांगायला लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं. "नहीं, नहीं, मत बताइए. राज़ को राज़ रहने दीजिए." संध्याकाळी मिर्झापूरला पोचलो तेव्हा बाटली अर्धी झाली होती आणि त्यांच्या मिशा पिवळ्या.

घाटावर पाना

मिर्झापूरच्या दक्षिणेला विंध्याचा डोंगर चढला की लखनौ कुठल्या तरी दुसऱ्या देशात आहे असं वाटायला लागतं. सपाट शेतं संपतात, तांबडे खडक सुरू होतात, आणि मला इतक्या वर्षांनी पायाखाली आपल्याकडच्यासारखी चढ-उतार असलेली जमीन लागली. तिकडे कुणी 'थोडी दूर' म्हणालं तर पायी जावं, आणि 'पास ही है' म्हणालं तर रात्रीच्या मुक्कामाची सोय बघावी.

डांबर संपलं त्यानंतर तासाभरात पहिलं पंक्चर झालं. मिर्झासाहेबांनी चाक बदललं. पुढच्या दहा मैलांत दुसरं झालं. जवळ जोडलेली ट्यूब होती, ठिगळं होती, पंप होता. फक्त पाना नव्हता.

मिर्झासाहेबांचा चेहरा उतरला. "वालिद साहब के ज़माने का पाना था," ते म्हणाले. जणू वालिदसाहेबच रस्त्यात राहिले.

मला मात्र आनंद झाला. हातभर लांबीचा लोखंडी पाना रस्त्यावर पडलेला, आणि मेटल डिटेक्टर माझ्या हातात! मी यंत्र सुरू केलं. जीपजवळ ते कर्कश ओरडायला लागलं. "जीपचं लोखंड," मी समजावलं आणि मागे चालत निघालो. दोन तासांत मला एक बैलाचा नाल, बैलगाडीच्या चाकाची खीळ आणि तपकिरीच्या डबीचं झाकण सापडलं. यंत्राची तशी काही चूक नव्हती. परत जीपशी आलो तर ते पुन्हा मागच्या सीटकडे तोंड करून बोंबलायला लागलं. मी वैतागून बंद केलं. शेवटी एका ट्रकवाल्याने आपला पाना दिला. माझ्या हातातली रिंग बघून तो मिर्झासाहेबांना हळूच म्हणाला, "साहब को बनारस दिखा लाइए. वहाँ अच्छे डॉक्टर हैं."

नदीजवळच्या पहिल्या गावात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. पारावर एक गृहस्थ बसले होते. मी वेळ न घालवता विचारलं, "यहाँ सोना मिलेगा?"

"काहे ना मिली?" म्हणत ते उठले, आत गेले आणि खाट घेऊन आले. वर स्वच्छ चादर घातली. मी पुन्हा म्हणालो, "नहीं नहीं, सोना! नदी में सोना!" त्यांनी काळजीने माझ्याकडे पाहिलं. "नदी में मत सोइए साहब, पानी चढ़ जाता है."

मिर्झासाहेब खाटेवर बसून पोट धरून हसत होते. पंधरा वर्षं लखनौत राहून मला हिंदी येते अशी माझी समजूत होती.

सुगनी अम्मा

नदीवर सोनं निघतं, हे खरं होतं. पावसाळ्यात नवी वाळू येते, आणि ओसरलं की काही लोक ती धुतात. आम्हाला भेटल्या त्या सुगनी अम्मा. साठीच्या, काटक, गुडघाभर पाण्यात उभ्या. हातात उथळ लाकडी परात. तिच्यात वाळू घ्यायची, पाण्यात गोल हलवायची, हलकी वाळू वाहून जाऊ द्यायची. शेवटी काळी वाळू उरते. त्यात नशीब असेल तर चमक. बाहेर आल्या की अम्मा दगडावर बसून हिरव्या पानात तंबाखू गुंडाळून बिडी वळायच्या आणि धूर थेट माझ्या तोंडावर सोडायच्या.

"का खोजत हउआ, बाबू?"

"सोना, अम्मा."

त्यांनी रिंग निरखली. "ई छलनी में त जालियो ना हौ."

मी यंत्र वाळूवर धरलं आणि सुरू केलं. काठावर वीसेक माणसं जमली होती. यंत्राने एक लांब शिट्टी घातली, खरखरलं, आणि स्पष्ट आवाजात म्हणालं, "किसान भाइयो, धान में तना छेदक का प्रकोप दिखाई दे तो..."

रेडिओवरचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम त्याने पकडला होता. माणसं दोन पावलं मागे सरली. एकाने हात जोडले. अम्मांनी बिडी बाजूला केली, वाकून वाळूला कान लावला आणि म्हणाल्या, "धरती मइया त सरकारी नौकर हो गइलीं."

तो दिवस आणि पुढचा दिवस मी काठाचा इंच न् इंच ओरडवला. मला एक गळ, होडीचा खिळा आणि चमचा मिळाला. चमचा आमचाच होता. दुसऱ्या संध्याकाळी अम्मांनी परात पुढे केली. काळ्या वाळूत मोहरीच्या पाव हिश्श्याएवढा एक कण, पण असा पिवळा की डोळा हलेना. मी यंत्र त्याच्यावर धरलं. शिट्टी तशीच. खाली धरलं. काही नाही. अगदी टेकवलं. यंत्राने सोन्याला ओळख दिली नाही.

मला तो कण हवा होता. नेनेकाकांचा हात माझ्या डोळ्यासमोर येत होता. मी चाचरत विचारायला गेलो, तर अम्मांनी कनवटीची चिंधी सोडली. आत तसेच काही कण. सगळे मिळून तांदळाच्या दाण्याएवढे नसतील. "नतिनी के नथिया बनी," त्या म्हणाल्या. "तीन बरिस से बटोरत हईं. एक बरिस अउर."

नातीच्या नथेतला कण मी मागितला नाही. तेवढी लाज मला आहे.

मी दगडावर बसून राहिलो. परवा दसरा. मिर्झासाहेबांनी मेतकुटाची बाटली पुढे केली. हा माणूस दुःखात शेवटचं मेतकुट देतो म्हणजे प्रकरण गंभीर होतं. अम्मांनी विचारलं, का रे बाबा, सोन्यावाचून काय अडलंय? मी सांगायला लागलो. आमच्याकडे दसऱ्याला एकमेकांना सोनं देतात. म्हणजे खरं सोनं नाही, एका झाडाचं पान देतात, त्यालाच सोनं म्हणतात. लखनौत ते झाड मिळत नाही, दुसरंच पान देतात, आणि एक म्हातारे काका म्हणतात हे पितळ आहे, मला खरं...

मी थांबलो.

अम्मा नवीन बिडी वळत होत्या. त्यांच्या बोटांत एक पान होतं. जाड, खरखरीत, लांबीपेक्षा रुंद, मधोमध दुभंगलेलं.

"अम्मा, ये क्या है?"

"बीड़ी के पत्ता. तेंदू ओरा गइल, त इहे से काम चलत हौ." तेंदूची पानं संपली होती, म्हणून हे.

आपटा! दोन दिवस ती बाई माझ्यासमोर बसून सोनं ओढत होती आणि मी तिच्या पायाखालची वाळू हुंगत होतो. नेनेकाकांना सोन्याचा कण कधी हवाच नव्हता. सभेतल्या चाळीस माणसांना ते कळलं होतं. बापटांना कळलं होतं. सुधाला तर... ते 'बरं' माझ्या कानात आत्ता वाजलं, यंत्रापेक्षा स्पष्ट.

मिर्झासाहेबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मेतकुटाच्या बाटलीला झाकण लावलं. मग अदबीने म्हणाले, "यानी आठवाले साहब, हम लोग दो सौ मील पत्ता लेने आए थे?"

"जी."

"और ये आपको अभी मालूम हुआ?"

"जी."

"सुब्हानअल्लाह."

अम्मांना हकीकत कळली तेव्हा त्यांचं हसणं पैलतीरावर गेलं. "पत्ता के सोना कहत हउआ, आ सोना खोजत हउआ लोहा से!" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच टेकडीवरचं झाड दाखवलं. वाकडं, बुटकं, कुणी ढुंकून बघणार नाही असं. मी त्याला नमस्कार केला. तो दिवस खंडेनवमीचा. आपल्याकडे हत्यारांची पूजा, म्हणून यंत्रालाही एक फूल वाहिलं. "पाना होता तो उसे भी एक फूल मिल जाता," मिर्झासाहेब उसासा टाकून म्हणाले, आणि मागच्या सीटवरचं पोतं झाडाखाली आणून त्यांनी उघडून धरलं. आम्ही त्यात फांद्याच कोंबल्या, म्हणजे पानं ताजी राहतील. वरून पाणी शिंपडलं. जाताना अम्मांनी वाटेसाठी बिड्यांचं एक पुडकं पोत्यात खुपसलं.

पुन्हा लखनौ

दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी जीप थेट हॉलसमोर थांबली. अंगावर पाच दिवसांची धूळ, खांद्यावर पोतं, हातात रिंग, मागे पिवळ्या मिशांचे मिर्झासाहेब. आत कचनारची पानं तबकात लावलेली होती. सुधा बायकांत बसली होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग रिंगेकडे.

"या, आठवले!" बापट उभे राहिले. "मिळालं सोनं?"

"पोतंभर," मी म्हणालो.

"वा! मग यंत्र लावून दाखवा ना. खरं असेल तर वाजेल."

हॉल हसला. पानांवर यंत्र वाजणार कसं? पण नेनेकाका पहिल्या रांगेत बसले होते, मान आवाजाच्या दिशेने वळवून, आणि त्यांच्यासमोर मागे हटणं शक्य नव्हतं. मी पोतं जमिनीवर ठेवलं, यंत्र सुरू केलं आणि रिंग वर धरली.

यंत्राने अशी शिट्टी घातली की बाहेरचा कुत्रा भुंकला.

सगळ्यांत जास्त मी दचकलो. बापटांचा चेहरा पांढरा पडला. पुढे येऊन त्यांनी कोपरापर्यंत हात पोत्यात घातला, चाचपलं, आणि काहीतरी जड बाहेर ओढलं. हातभर लांब. लोखंडी.

"मेरा पाना!" मिर्झासाहेब दारातून ओरडले, आणि धावत येऊन त्यांनी तो अध्यक्षांच्या हातातून घेऊन छातीशी धरला.

घाटात पहिलं चाक बदलल्यावर त्यांनीच तो मागच्या सीटवर, उघड्या पोत्यात टाकला होता. माझं यंत्र दोन तास मला तेच ओरडून सांगत होतं.

हसण्याचा इतका मोठा आवाज त्या हॉलमध्ये पूर्वी झाला नसेल. या गोंधळात मी पोत्यातून एक फांदी काढली, चांगलंसं पान तोडलं आणि नेनेकाकांच्या हातावर ठेवलं.

त्यांची बोटं सवयीने चुरडायला वळली, आणि थांबली. अंगठा कडेवरून फिरला, मधल्या खाचेत गेला, मागच्या खरखरीत बाजूवर आला. काकांनी पान नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं.

मी पायाशी वाकलो. डोक्यावर हात आला.

"सोन्यासारखा राहा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मला हेच हवंय, हे तुला त्या दिवशीच कळलं होतं ना रे?"

"अर्थात, काका."

बायकांत कुणीतरी खोकलं. तो खोकला मी कुठेही ओळखतो.

काकांनी पान पुन्हा हुंगलं. "पण आठवले, ह्याला बिडीचा वास कसा?"

"काका, ती मोठी गोष्ट आहे."

"मग बस की," त्यांनी शेजारची खुर्ची चाचपून दाखवली. पान मुठीत होतं, खिशात गेलं नव्हतं. "मला कुठे जायचंय?"

मी बसलो, आणि पान्यापासून सुरुवात केली.